सात सोंगट्यांचा हिशेब : ‘कार्कासोन’ हा बोर्ड गेम कसा खेळावा

दक्षिण फ्रान्समध्ये ऑद नदीच्या काठी कार्कासोन नावाचे मध्ययुगीन तटबंदीचे शहर आहे. दुहेरी तट आणि ५२ बुरूज असलेला हा कोट एकोणिसाव्या शतकापर्यंत पडझडीला आला होता. व्हियोले-ल-द्यूक या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली १८५३ पासून त्याचा जीर्णोद्धार झाला आणि १९९७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला. या शहराचे नाव घेऊन क्लाऊस-युर्गेन व्रेडे या जर्मन रचनाकाराने तयार केलेला बोर्ड गेम २००० मध्ये हान्स इम ग्लुक या प्रकाशनसंस्थेने बाजारात आणला. पुढच्याच वर्षी त्याला ‘श्पील देस यारेस’ हा जर्मनीतील मानाचा पुरस्कार मिळाला, आणि आजही बोर्ड गेमशी ओळख करून देण्यासाठी पहिला खेळ म्हणून त्याचेच नाव अनेकदा पुढे केले जाते.

या खेळाचे नियम पंधरा मिनिटांत सांगून होतात आणि नवख्याची फसगत तिथेच होते. हाती कोणती टाइल, म्हणजे नकाशाचा कोणता चौकोनी तुकडा, येईल हे नशिबावर असल्यामुळे हा सापशिडीचा थोरला भाऊ असावा, असा पुष्कळांचा समज होतो. पाचसहा डाव झाल्यावर मात्र दिसू लागते की ठरावीक माणसेच वारंवार जिंकत आहेत, आणि हरणाऱ्याकडे डावाच्या मध्यावर पटावर ठेवायला एकही सोंगटी शिल्लक नसते. सात सोंगट्या कुठे गुंतवायच्या, किती काळ अडकू द्यायच्या आणि केव्हा सोडवून घ्यायच्या, हा या खेळाचा खरा विषय आहे. त्यामुळे नियम समजून घेतानाही प्रत्येक नियम सोंगटीच्या बाजूने पाहण्याची सवय सुरुवातीपासून लावून घ्यावी.

साहित्य आणि मांडणी

मूळ खेळात भूप्रदेशाचे चित्र असलेल्या ७२ चौकोनी टाइल्स असतात. प्रत्येक टाइलवर रस्ता, शहर, मठ आणि शेतजमीन यांपैकी काही ना काही चितारलेले असते. सोंगट्या एकूण ४०, म्हणजे पाच रंगांच्या प्रत्येकी आठ. माणसाच्या आकाराच्या या लाकडी सोंगटीला खेळाडू ‘मीपल’ म्हणतात. हा शब्द २००० मध्ये याच खेळाच्या एका डावात जन्माला आला आणि पुढे इतर खेळांनीही तो उचलला. याशिवाय पेटीत एक गुणफलक असतो. अलीकडच्या पेट्यांमध्ये नदीच्या १२ टाइल्स आणि मठाधिपतीची सोंगटीही मिळते, परंतु पहिल्या काही डावांत ही दोन्ही बाजूला ठेवणे बरे.

खेळ दोन ते पाच जणांना खेळता येतो. सरावाच्या खेळाडूंना पाऊण तास पुरतो. पहिल्या डावाला मात्र तास-सव्वा तास हाताशी ठेवावा.

मांडणीच्या आधी जागेचा विचार करावा. टाइलची बाजू सुमारे साडेचार सेंटिमीटरची असते आणि नकाशा कोणत्या दिशेला पसरेल हे आधी सांगता येत नाही. दिवाणखान्यातील टीपॉय हमखास अपुरा पडतो. जेवणाचे मोठे टेबल किंवा जमिनीवर ताठ बसलेली सतरंजी उत्तम. सरकणारी चटई नको, कारण कोणी मांडी बदलली की अर्धा फ्रान्स हलतो.

एका टाइलची मागची बाजू इतरांपेक्षा गडद असते. ती आरंभाची टाइल होय. तिच्यावर एका बाजूला शहराचा तट आणि मधून आडवा जाणारा रस्ता असतो. ती मध्यभागी चित्र वर करून ठेवावी. उरलेल्या ७१ टाइल्स पालथ्या करून नीट पिसाव्यात आणि त्यांच्या चारपाच चळती लावाव्यात. भाजीसाठी वापरतो तशी एखादी कापडी पिशवी असेल तर सगळ्या टाइल्स तीत टाकून न बघता एकेक काढणे अधिक सोयीचे पडते. प्रत्येकाने आपल्या रंगाच्या आठ सोंगट्या घ्याव्यात; त्यांतील एक गुणफलकाच्या शून्यावर उभी करावी आणि सात आपल्यासमोर ठेवाव्यात. गुणफलकावरची सोंगटी खेळात कधीही उतरत नाही. पहिली पाळी सर्वांत लहान खेळाडूला द्यावी आणि पुढे घड्याळाच्या दिशेने जावे.

एका पाळीत काय करायचे

प्रत्येक पाळीत तीन कृती असतात आणि त्यांचा क्रम बदलत नाही: टाइल जोडणे, सोंगटी ठेवणे, गुण मोजणे. पहिली आणि तिसरी कृती सक्तीची आहे, दुसरी ऐच्छिक.

टाइल उचलून ती आधी मांडलेल्या नकाशाला निदान एका बाजूने चिकटेल अशी ठेवायची असते. नुसता कोपऱ्याला कोपरा लागून चालत नाही. ज्या ज्या बाजू एकमेकींना भिडतात तिथे चित्र जुळले पाहिजे, म्हणजे रस्त्याला रस्ता, शहराला शहर आणि शेताला शेत. टाइल हवी तशी फिरवता येते. क्वचित एखादी टाइल कुठेच बसत नाही. तेव्हा ती डावातून काढून टाकावी आणि दुसरी घ्यावी. जुन्या नियमपत्रिकेत एक गमतीची सूचना आहे की, उचललेली टाइल सर्वांना दाखवावी, म्हणजे ती कुठे ठेवावी याचा सल्ला इतरांना देता येईल. आपल्याकडे पत्त्यांच्या डावामागे उभे राहून सल्ला देणाऱ्यांची परंपरा पाहता ही सूचना वेगळी शिकवावी लागत नाही. सल्ला ऐकावा, पण तो देणाऱ्याची सोंगटी कुठे उभी आहे हे आधी पाहून घ्यावे.

टाइल बसली की हवे असल्यास आपली एक सोंगटी तिच्यावर ठेवता येते. इथे तीन अटी आहेत. सोंगटी फक्त याच पाळीत ठेवलेल्या टाइलवर उतरते, आधीच्या कोणत्याही टाइलवर नाही. एका पाळीत एकच सोंगटी ठेवता येते. आणि ज्या रस्त्यावर, शहरात किंवा शेतात ती ठेवायची, त्याच्याशी सलग जोडलेल्या संपूर्ण भागात आधीपासून कोणाचीही सोंगटी असता कामा नये, अगदी स्वतःचीसुद्धा. ही तिसरी अट नवखे खेळाडू वारंवार विसरतात, कारण पाच टाइल्स पलीकडे उभी असलेली सोंगटी नजरेतून सुटते. म्हणून सोंगटी ठेवण्यापूर्वी रस्त्यावरून बोट फिरवून त्याची दोन्ही टोके तपासावीत.

सोंगटी जिथे ठेवाल तशी तिची भूमिका ठरते. शहरात ती सरदार होते, मठात साधू, शेतात शेतकरी आणि रस्त्यावर वाटमाऱ्या. मूळ जर्मन नियमांत रस्त्यावरच्या सोंगटीसाठी वापरलेल्या शब्दाचा अर्थ वाट अडवून लुटणारा असाच आहे, त्यामुळे ‘वाटसरू’पेक्षा आपला ‘वाटमाऱ्या’ अधिक नेमका बसतो, आणि मुलांनाही तोच आवडतो.

तिसरी कृती गुणांची. आत्ता ठेवलेल्या टाइलमुळे काही पूर्ण झाले असेल तरच गुण मिळतात. रस्ता दोन्ही टोकांना बंद झाला की प्रत्येक टाइलमागे एक गुण. चौक किंवा वस्ती, शहराचा तट आणि मठ यांपाशी रस्ता संपतो, आणि तो गोल फिरून स्वतःलाच मिळाला तरी पूर्ण मानतात. शहराचा तट सर्व बाजूंनी बंद झाला आणि आत भोक उरले नाही की प्रत्येक टाइलमागे दोन गुण, तसेच शहरातील प्रत्येक ढालीच्या चिन्हामागे आणखी दोन. मठाच्या आठही बाजूंच्या जागा, म्हणजे कोपरे धरून, भरल्या की मठाची एक आणि भोवतालच्या आठ मिळून नऊ गुण. गुण मिळाले की त्या रस्त्यावरची, शहरातील किंवा मठातील सोंगटी मालकाकडे परत येते. शेतकरी मात्र डाव संपेपर्यंत परत येत नाही.

चार खेळ्यांचे उदाहरण

समजा लाल आणि निळा असे दोन खेळाडू आहेत. लालला एकाच बाजूला शहर असलेली टाइल मिळते. ती तो आरंभाच्या टाइलच्या शहराला तोंडाला तोंड लावून बसवतो. दोन टाइल्सचे छोटे शहर तिथेच पूर्ण होते. लालने त्यावर सरदार ठेवला, लगेच चार गुण घेतले आणि सरदार उचलून परत हातात घेतला. एका पाळीत सोंगटी गेली आणि आली. अशी खेळी दिसायला किरकोळ वाटते. परंतु तिच्यात काहीच अडकत नाही, म्हणून डावभर ती शोधत राहावी.

निळ्याला सरळ रस्ता मिळतो. तो आरंभाच्या टाइलच्या उजवीकडे जोडून तो वाटमाऱ्या ठेवतो. पुढे लालला तीन रस्त्यांचा चौक मिळतो आणि तो ती टाइल आणखी उजवीकडे जोडतो. त्यामुळे निळ्याच्या रस्त्याचे उजवे टोक बंद झाले. चौकात येऊन मिळणाऱ्या निळ्याच्या रस्त्यावर लालला सोंगटी ठेवता येत नाही, पण चौकातून निघणारे बाकीचे दोन रस्ते स्वतंत्र असल्यामुळे त्यांतील एकावर ठेवता येते.

आता निळ्याला रस्ता असलेला मठ मिळतो. तो आरंभाच्या टाइलच्या डावीकडे, रस्त्याला रस्ता लावून बसवतो आणि मठात साधू ठेवतो. मठापाशी रस्ता संपतो, म्हणजे आता दोन्ही टोके बंद झाली. मठाची टाइल, आरंभाची टाइल, सरळ रस्ता आणि चौक मिळून चार टाइल्स, म्हणून चार गुण आणि वाटमाऱ्या परत. इथे क्रमाचे महत्त्व लक्षात घ्यावे. सोंगटी ठेवणे आधी आणि गुण नंतर असल्यामुळे साधू हातातल्या सोंगट्यांतूनच जायला हवा होता. परत येणारा वाटमाऱ्या त्याच पाळीत मठात पाठवता येत नाही. हातात एकही सोंगटी नसती तर हा मठ तसाच सोडून द्यावा लागला असता.

दोघांच्या सोंगट्या एकाच शहरात

दुसऱ्याच्या शहरात थेट शिरता येत नाही, पण वेगळे सुरू केलेले शहर नंतर त्याला जोडता येते. दोन भाग एकत्र आले की त्यांतील सगळ्या सोंगट्या एका शहरात येतात. शहर पूर्ण झाल्यावर ज्याच्या सोंगट्या जास्त, त्यालाच सगळे गुण मिळतात. संख्या समान असेल तर दोघांनाही पूर्ण गुण मिळतात, वाटून नव्हे. हाच नियम रस्ते आणि शेतांनाही लागू होतो.

हे तंत्र या खेळाचा प्राण आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. समजा प्रतिस्पर्ध्याच्या मोठ्या शहराची एक बाजू उघडी आहे. त्या उघड्या बाजूसमोरच्या रिकाम्या जागेला आपण दुसऱ्या बाजूने शहराची टाइल लावतो आणि तिथे आपला सरदार ठेवतो. आता त्या रिकाम्या जागेत शहर जोडणारी टाइल पडली की आपण आत. प्रश्न उरतो तो टाइल कोणत्या अंगाने लावावी याचा. काटकोनात, म्हणजे कोपऱ्यातून शिरायचे असेल, तर लगतच्या दोन बाजूंना सलग शहर असलेली टाइल लागते. मूळ संचात अशा १८ टाइल्स आहेत: कोपऱ्याच्या शहराच्या १०, तीन बाजूंना शहर असलेल्या ७ आणि चारही बाजूंना शहर असलेली १. समोरासमोरून शिरायचे असेल तर मात्र ११ च टाइल्स उपयोगी पडतात. त्या जागेच्या उरलेल्या बाजूही जुळाव्या लागतात हे खरे. तरीही कोपऱ्याची वाट सोपी, एवढे पक्के लक्षात ठेवावे.

आपल्यावर असा वेढा पडला तर दोन उपाय आहेत. शहर ताबडतोब बंद करणे हा पहिला. दुसरा अधिक चतुर आहे: दोन बाजूंना शहर असूनही ती दोन शहरे मधल्या शेतामुळे वेगळी राहतात, अशा पाच टाइल्स संचात आहेत, तीन समोरासमोरच्या आणि दोन काटकोनातल्या. अशी योग्य टाइल त्या रिकाम्या जागेत बसवली की वाट कायमची बंद होते आणि कित्येकदा दोन्ही शहरांचे तटही पूर्ण होतात.

समान संख्येची वाटणी फायद्याची की नाही, हे खेळाडूंच्या संख्येवर ठरते. दोघांच्या डावात दोघांनाही २० गुण मिळाले तर अंतर तेवढेच राहते. शिरणाऱ्याने समोरच्याचा फायदा पुसला, इतकेच. चौघांच्या डावात तेच २० गुण उरलेल्या दोघांना मागे टाकतात, म्हणून तिथे दोघांनी मिळून शहर वाढवणे हा शहाणपणाचा व्यवहार ठरतो. अर्थात शेवटच्या क्षणी भागीदार दुसरा सरदार आत घुसवू पाहत नाही ना, यावर लक्ष असू द्यावे.

शेतकरी आणि शिवार

नवीन माणसाला पहिल्या डावात शेतकऱ्यांचा नियम सांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घरी पाहुण्यांना हा खेळ शिकवताना मी दोनदा सगळे नियम एकदम सांगण्याची चूक केली आणि दोन्ही वेळा शेवटच्या मोजणीत भांडण झाले. दुसऱ्या डावापासून मात्र शेतकरी हवाच, कारण त्याच्याशिवाय खेळाची अर्धी खोली हरवते.

शेतकऱ्याची सोंगटी उभी न ठेवता आडवी झोपवतात, म्हणजे ती वाटमाऱ्यापासून ओळखू येते. तिचे गुण शेवटी मिळतात: तिच्या शिवाराला लागून असलेल्या प्रत्येक पूर्ण शहरामागे तीन. शिवार म्हणजे सलग हिरवा भाग. रस्ता हा त्याचा बांध. शहराचा तट आणि नकाशाची कड या बाकीच्या हद्दी. बांध ओलांडून शिवार पलीकडे जात नाही, पण रस्ता जिथे संपतो तिथे त्याला वळसा घालून जाऊ शकते. उदाहरणार्थ, रस्ता मठापाशी संपतो त्या टाइलवर मठाच्या मागून शेत सलग असते, त्यामुळे रस्त्याच्या दोन्ही बाजूंची शेते तिथे एक होतात. याउलट रस्ता शहराच्या तटात शिरतो तेव्हा दोन्ही बाजू वेगळ्याच राहतात.

आरंभाच्या टाइलवरच एक सापळा आहे. शहर आणि रस्ता यांच्यामधली हिरवी पट्टी हे एक शेत आणि रस्त्याच्या खालचा भाग हे दुसरे. त्या शहराचे गुण फक्त वरच्या पट्टीतील शेतकऱ्याला मिळतात. खालच्या मोठ्या हिरवळीला भुलून तिथे शेतकरी झोपवणारे बरेच असतात.

एकच शहर दोन वेगळ्या शिवारांना लागून असेल तर दोन्ही शिवारांतील शेतकऱ्यांना त्याचे तीन-तीन गुण मिळतात. जुन्या आवृत्तीत हिशेब वेगळा होता: प्रत्येक शहराचे चार गुण एकदाच, त्याच्या भोवतालच्या शेतांत ज्याचे शेतकरी सर्वाधिक त्याला. दोन टाइल्सच्या शहरालाही तेव्हा चारऐवजी दोनच गुण होते. वेगवेगळ्या घरांतील माणसे एकत्र खेळायला बसतात तेव्हा कोणते नियम धरायचे हे आधी बोलून घ्यावे.

शेतकरी कधी ठेवावा? फार लवकर ठेवला तर सातांपैकी एक सोंगटी डावभरासाठी गेली. फार उशिरा ठेवू म्हटले तर शिवार आधीच कोणीतरी घेतलेले असते. दोघांच्या डावात साधारण दहा-बारा टाइल्स पडल्यावर मुख्य शिवार कोणते होणार याचा अंदाज येतो. तिथे चार-पाच शहरे पूर्ण होण्याजोगी दिसत असतील, तर ती सोंगटी १२ ते १५ गुण देणार आहे, आणि इतके गुण एकाच सोंगटीने रस्त्यावर मिळवायला बराच काळ जातो. एकदा मुख्य शिवार आपले झाले की त्याच्या कडेने छोटी शहरे स्वतःहून पूर्ण करत जावीत, अगदी प्रतिस्पर्ध्याची असली तरीसुद्धा, जर त्याला त्यातून चारच गुण मिळणार असतील. आणि दुसऱ्याचा शेतकरी जोडून येण्याच्या बेतात दिसला, तर मध्ये रस्ता टाकून बांध घालावा.

सोंगटीची किंमत कशी ठरवावी

आरंभाची टाइल सोडून ७१ टाइल्स उरतात. दोघांच्या डावात प्रत्येकाला ३५ किंवा ३६ पाळ्या मिळतात, पाच जणांच्या डावात १४ किंवा १५. सोंगट्या मात्र दोन्हीकडे सातच. म्हणजे दोघांच्या डावात प्रत्येक सोंगटीच्या वाट्याला सरासरी पाच पाळ्या येतात. तिथे ती सतत फिरती ठेवणारा जिंकतो. पाच जणांच्या डावात जेमतेम दोन पाळ्या येतात, त्यामुळे एखादा सरदार मोठ्या शहरात अर्धा डाव बसून राहिला तरी फारसे बिघडत नाही. खेळाडू किती आहेत हे न पाहता एकाच पद्धतीने खेळणाऱ्याला हा फरक कधी कळत नाही.

रस्त्याचा हिशेब नीट पाहिला तर एक गोष्ट चटकन दिसते. रस्ता पूर्ण झाला तरी टाइलमागे एक गुण, आणि डावाअखेर अपूर्ण राहिला तरी एकच. म्हणजे रस्ता पूर्ण करण्याचा खरा लाभ गुणांत नसून सोंगटी परत मिळण्यात आहे. म्हणून तीन-चार टाइल्सचा रस्ता मिळेल त्या चौकाने बंद करावा. लांबलचक रस्त्याचा मोह धरू नये. संचात तीन रस्त्यांचे चौक, शहर नसलेले, चारच आहेत आणि चार रस्त्यांचा चौक एकच. हे आठवत असेल तर रस्ता बंद होण्याची वाट किती काळ पाहायची हे ठरवता येते. तीन रस्ते आणि एक शहर असलेल्या आणखी तीन टाइल्सही रस्ता संपवतात.

शहराचे तसे नाही. पाच टाइल्स आणि एक ढाल असलेले शहर पूर्ण झाले तर १२ गुण, अपूर्ण राहिले तर सहाच. शहर वाढवताना उघड्या बाजू मोजाव्यात. तीन बाजूंना शहर असलेली टाइल हाती आली की आनंद होतो, पण ती एक बाजू झाकून दोन नव्या उघडते. माझा शिरस्ता असा की, दोनपेक्षा जास्त बाजू उघड्या असतील तर शहराला आणखी काही जोडायचे नाही, फक्त झाकत जायचे. आठ ते बारा गुणांची तीन शहरे ही एका अवाढव्य, कधीच न मिटणाऱ्या शहरापेक्षा केव्हाही बरी.

मठ सहाच आहेत. मठ मिळाल्यावर तो नकाशाच्या कडेला नेऊन ठेवण्यापेक्षा चार-पाच बाजू आधीच भरलेल्या खाचेत बसवावा. तिथल्या उरलेल्या जागा इतर खेळाडू आपापल्या कामासाठी भरून देतात. दोन मठ शेजारी आले तर एकच टाइल दोघांनाही लागू पडते.

अडवणे

कोणाची सोंगटी अडकवून ठेवणे हे पाच-सहा गुण मिळवण्याइतकेच मोलाचे असते. त्यासाठी कोणती टाइल संचात नाही किंवा विरळ आहे, हे ठाऊक हवे. समजा प्रतिस्पर्ध्याच्या शहराची उघडी बाजू एका रिकाम्या जागेकडे आहे. त्या जागेच्या समोरच्या बाजूला शहर आणि मधल्या एका बाजूला रस्ता येईल अशी व्यवस्था आपण केली, तर तिथे फक्त तीन टाइल्स बसू शकतात: तीन बाजूंना शहर आणि चौथीला रस्ता असलेल्या. त्यांतील दोन पडून गेल्या असतील तर प्रतिस्पर्धी उरलेल्या एकीची वाट पाहत बसतो. आणि चौथ्या बाजूलाही रस्ता आला, तर ती जागा कधीच भरत नाही, कारण समोरासमोर शहर आणि समोरासमोर रस्ता असलेली टाइल मूळ संचात नाहीच. चारही बाजूंनी शेत असलेली रिकामी जागाही अशीच. तिथे फक्त रस्ता नसलेला मठ बसतो आणि असे मठ चार आहेत.

सगळे २४ प्रकार पाठ करण्याची गरज नाही. सरळ रस्ते आठ, वळणाचे नऊ, तीन बाजूंच्या शहरांच्या टाइल्स सात, ढाली एकूण दहा, आणि वर आलेले मठ व चौक एवढे लक्षात असले तरी पुरते. लहान मुलांबरोबर खेळताना मात्र ही अडवणूक आवरती घ्यावी. सात वर्षांच्या मुलाचा सरदार कायमचा कोंडला तर पुढच्या वेळी ते मूल पटावर बसत नाही.

शेवटच्या पाळ्या आणि मोजणी

शेवटच्या पंधरा-वीस टाइल्स उरल्या की विचाराची दिशा उलटते. आतापर्यंत सोंगट्या हातात राखायच्या होत्या, आता त्या संपवायच्या असतात, कारण डाव संपल्यावर हातात राहिलेल्या सोंगटीला शून्य गुण. अपूर्ण रस्त्यावर दोन गुण मिळत असतील तरी सोंगटी ठेवावी. सहा बाजू भरलेला मठ अपूर्ण राहिला तरी सात गुण देतो. एखाद्या लहान शिवाराला दोन पूर्ण शहरे लागून असतील तर तिथे झोपलेला शेतकरी सहा गुण आणतो, आणि हे गुण कोणी हिरावून घेण्याइतका वेळही उरलेला नसतो.

शेवटची टाइल मांडून तिचे गुण घेतले की अंतिम मोजणी करावी. आधी अपूर्ण रस्ते, शहरे आणि मठ मोजून त्यांवरील सोंगट्या उचलाव्यात: रस्त्याला टाइलमागे एक, शहराला टाइलमागे एक आणि ढालीमागे एक, मठाला स्वतःचा एक आणि भोवतालच्या प्रत्येक टाइलमागे एक. यानंतर पटावर फक्त शेतकरी उरतात आणि शिवारे स्पष्ट दिसू लागतात. एकेक शिवार घेऊन त्याची हद्द बोटाने फिरवावी, कोणाचे शेतकरी जास्त ते ठरवावे आणि लागून असलेली पूर्ण शहरे मोठ्याने मोजावीत. गुणफलकावर ५० च घरे असल्यामुळे कोणाची किती फेरी झाली हे डावभर नोंदवलेले असावे; त्यासाठी फेरी पूर्ण होताच सोंगटी आडवी करण्याची पद्धत सोपी आहे.

मूळ खेळात हात बसला की २००२ मध्ये आलेला ‘सराया आणि कॅथेड्रल’ हा पुरवणी संच पहिल्यांदा घ्यावा. त्यात १८ नव्या टाइल्स आणि प्रत्येक रंगाची एक मोठी सोंगटी असते, जी बहुमत ठरवताना दोन म्हणून धरतात. सराय असलेला रस्ता पूर्ण झाला तर टाइलमागे दोन गुण आणि अपूर्ण राहिला तर शून्य. कॅथेड्रल असलेल्या शहराला टाइलमागे तीन, ढालीमागेही तीन, आणि अपूर्ण राहिल्यास तेही शून्य. समोरच्याच्या अर्धवट शहरात कॅथेड्रल नेऊन बसवता येते, आणि मग तो सरदार सोडवायला त्याला सगळी कामे टाकून धावावे लागते.